परवाना आणि त्याचा धनी

दुकान, गाड्या, हत्यारे, एवढेच नव्हे तर गिऱ्हाइकांत वर्षानुवर्षे साचलेला लौकिकदेखील खरेदीखताने हस्तांतरित होतो; परंतु ज्या परवान्याच्या आधारावर हा सारा व्यवहार उभा असतो तो मात्र दामाजीला वश होत नाही, हे कॅलिफोर्नियात नळकामाचा वा वीजकामाचा चालता धंदा विकत घेणाऱ्यास कित्येकदा फार उशिरा उमगते.

त्या राज्याच्या विधिमंडळाने इमारती कामांच्या मक्तेदारांसाठी परवान्याचे खाते १९२९ साली निर्माण केले व १९३५ साली ते सात सदस्यांच्या मंडळाच्या हवाली केले. तथापि खरे स्थित्यंतर, माझ्या मते, १९३८ चे, कारण अर्जदाराची त्याच्या विशिष्ट कामात परीक्षा घेणे त्या साली सक्तीचे झाले आणि परवाना हा एका जित्या माणसाच्या कौशल्याला चिकटला.

त्यातून उद्भवलेले पेच मोठे मनोरंजक आहेत. एकट्या मालकाचा धंदा असेल तर त्याचा परवाना त्याच्याबरोबरच जातो, नव्या धन्याने आपला स्वतंत्र मिळवावा. कंपनी असेल तर परवाना कंपनीकडे राहतो खरा, परंतु तिच्या वतीने परीक्षेला उतरलेला जाणता माणूस विक्रीचे पैसे घेऊन निघून गेला की नव्वद दिवसांत त्याच्या जागी दुसरा उभा करावा लागतो, आणि त्या दुसऱ्याने मागील दहा वर्षांपैकी किमान चार वर्षे ते काम कसबी कारागिराच्या दर्जाने केलेले असावे लागते. साहजिकच केवळ नाव भाड्याने देणारे कारागीर निपजले. त्यांच्या बंदोबस्तासाठी पगारी जाणत्याने आठवड्यातून बत्तीस तास, किंवा धंदा चालू असण्याच्या वेळेच्या ऐंशी टक्के, यांपैकी जे कमी असेल तितका वेळ हजर असावे असा दंडक घालण्यात आला. हजेरीपत्रकाने लबाडी आवरते अशी सरकारदरबारची श्रद्धा तिकडेही दृढ दिसते!

दंडकाहून जरब मोठी आहे ती वसुलीची. परवान्यावाचून केलेल्या कामाच्या मोबदल्याची फिर्याद न्यायालय ऐकत नाही, आणि २००२ पासून तर घरमालकास चुकती केलेली रक्कमही परत मागता येते. म्हणून धोरणी खरीददार विक्रेत्याला करारानेच काही काळ नोकरीत अडकवून ठेवतो, आणि तेवढ्या अवधीत स्वतः परीक्षेस बसतो किंवा आपल्या पदरचा एखादा जुना मिस्त्री बसवतो.