अजून एकच डाव

शनिवार दुपार. जेवण झालंय, हातात फोन आहे आणि "एकच डाव खेळतो आणि मग मशीनला कपडे लावतो" असा पक्का निश्चय केलाय. पुढचं तुम्हाला माहीत आहेच. कपडे रविवारी रात्री साडेदहाला मशीनला लागतात आणि सोमवारी दमट शर्ट घालून ऑफिस गाठावं लागतं.

मागच्या आठवड्यात हे पुन्हा झालं तेव्हा स्वतःचा भयंकर राग आला. आणि एकदम हॉस्टेलवरचा रूममेट आठवला. २०१८ साली आमच्या अख्ख्या मजल्याला मोबाईलवरच्या एका गेमचं वेड लागलं होतं. बाकीचे आम्ही कसेबसे परीक्षेपुरते त्यातून बाहेर आलो. हा नाही आला. विषय राहिले, वर्ष गेलं. "त्याच्यात विलपॉवरच नाही रे," असं तेव्हा आम्ही सगळे छातीठोकपणे सांगायचो. आता स्वतःचे कपडे वेळेत धुता येत नाहीत म्हटल्यावर त्या वाक्याची लाज वाटायला लागली. म्हणून ठरवलं, जरा इंजिनियरसारखं बघू. हे बनवलं कुणी, कधी, आणि असंच का बनवलं? वाचत गेलो तर पहिली गोष्ट सापडली तीसुद्धा एका शनिवार दुपारचीच!

१९३० च्या दशकात बी. एफ. स्किनर नावाचा तरुण मानसशास्त्रज्ञ उंदरांवर प्रयोग करत होता. पेटीत उंदीर, पेटीत एक दांडी. दांडी दाबली की खाण्याची एक गोळी. या गोळ्या त्याला स्वतःलाच यंत्रावर पाडाव्या लागायच्या. एका शनिवारी दुपारी त्यानं हिशोब मांडला तेव्हा लक्षात आलं, की उरलेला दिवस गोळ्या पाडत बसलो नाही तर साठा सोमवारी सकाळीच संपणार. आता शनिवार संध्याकाळ असली कामं करण्यात कोण घालवेल? साहेबांनी शक्कल लढवली. दर वेळी गोळी द्यायचीच कशाला? मिनिटाला एकच देऊ! (ही गोष्ट त्यानं १९५६ साली एका लेखात स्वतःच सांगितली आहे. आळसातून शोध लागतात हे मी टीम लीडला कधीपासून सांगतोय.)

गोळ्या वाचल्या, पण उंदरांनी दांडी काही सोडली नाही. उलट पुढे असं दिसलं, की गोळ्या पूर्ण बंद केल्या तर दर वेळी गोळी मिळालेला उंदीर लवकर नाद सोडतो, आणि अधूनमधून मिळालेला उंदीर कितीतरी जास्त वेळ दांडी दाबत राहतो. १९५७ साली स्किनर आणि त्याचा सहकारी फर्स्टर यांनी यावर जाडजूड पुस्तक काढलं, त्यात बहुतेक प्रयोग कबुतरांवरचे. कितव्या टोचीला दाणा पडेल याचा नेमच ठेवला नाही, तर कबुतर न थांबता टोचत राहतं. कॅसिनोतलं स्लॉट मशीन याच तत्त्वावर चालतं.

मेंदूच्या बाजूनंही दुजोरा मिळाला. १९९८ साली लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये आठ जणांना रणगाड्याचा गेम खेळायला लावून त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं, तेव्हा खेळताना डोपामीन वाढलेलं दिसलं. त्याच सुमाराला वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या कामातून कळलं होतं, की डोपामीनच्या पेशी खऱ्या उसळतात त्या अनपेक्षित बक्षिसाला. ठरलेलं बक्षीस ठरल्या वेळी आलं तर त्या फारशा हलत नाहीत.

झालं, उत्तर मिळालं? मला नाही वाटत. मेंदू तर सगळ्यांचा असाच आहे, आणि पन्नास वर्षांपूर्वीही असाच होता. मग काही गेम आपण महिनाभर खेळून विसरतो आणि काही मानगुटीवर बसतात, ते का? उंदीर तोच असेल तर फरक पेटीत असणार. आणि गेमचा इतिहास चाळल्यावर मला असं दिसलं, की पेटीची रचना बदलते ती पैसे कसे गोळा होतात त्यानुसार.

सुरुवात नाण्यापासून झाली. १९७२ साली अटारी कंपनीच्या ॲलन अल्कॉर्ननं 'पाँग' नावाचा टेनिससारखा गेम बनवला. पहिलं मशीन कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावात एका बारमध्ये ठेवलं. थोड्याच दिवसांत मशीन बंद पडल्याची तक्रार आली. अल्कॉर्न दुरुस्तीला गेला, मशीन उघडलं, तर बिघाड काहीच नव्हता. नाण्यांचा डबा ओसंडून वाहत होता! बग रिपोर्ट यावा तर असा.

नाण्यावर चालणाऱ्या गेमचं गणित सरळ असतं. एकच माणूस एका नाण्यात तासभर खेळला तर मालक बुडाला. त्यामुळे गेम शिकायला सोपा हवा, पण खेळणारा थोड्याच वेळात मरायला हवा, आणि मरताना "अरे, थोडक्यात हुकलं" असं वाटायला हवं. १९७८ मध्ये जपानच्या तैतो कंपनीत तोमोहिरो निशिकादोनं 'स्पेस इन्व्हेडर्स' बनवला. त्यातले परग्रहवासी जसजसे मरतात तसतसे उरलेले वेगानं पळतात. ही खरं तर हार्डवेअरची मर्यादा होती. चित्रं कमी झाली की प्रोसेसरला तेवढं काम कमी, म्हणून हालचाल जलद. निशिकादोला ते आवडलं आणि त्यानं तसंच ठेवलं. या गेमला शेवट नव्हता. एक लाट संपवली की दुसरी. वर स्क्रीनवर आत्तापर्यंतचा सगळ्यात मोठा स्कोर, वाकुल्या दाखवत.

पोरं नाणी घालत सुटली. १९८१ साली ब्रिटनच्या संसदेत जॉर्ज फोक्स या खासदारानं असल्या मशीनवर नियंत्रण आणायचं विधेयक मांडायचा प्रयत्न केला. ९४ विरुद्ध ११४, म्हणजे अवघ्या २० मतांनी तो पडला. "मुलं बिघडली" ही ओरड तेव्हापासूनची आहे.

मग मशीन घरी आलं आणि पैसे एकदाच, दुकानात द्यायचे झाले. आता तुम्ही गेम दहा तास खेळा नाहीतर शंभर, कंपनीला फरक नाही. उलट पूर्ण करून खूश झालात तर पुढचा भाग विकत घ्याल. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'ला म्हणूनच शेवट आहे. शेवटच्या किल्ल्यात राजकन्या भेटते, ती आभार मानते, विषय संपला. लहानपणी टीव्हीला जोडायच्या त्या स्वस्तातल्या मशीनवर राजकन्या सुटली त्या दिवशी काय आनंद झाला होता! पण दुसऱ्या दिवशी आम्ही खाली क्रिकेट खेळत होतो.

इथे कुणीतरी म्हणेल, "आणि टेट्रिस?" अगदी बरोबर. १९८४ मध्ये मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजित्नोव्हनं टेट्रिस लिहिला. त्यातून त्याला पैसे मिळायचा प्रश्नच नव्हता, हक्क सरकारचे. तरीही जग वेडं झालं. म्हणजे कमाईचा हेतू नसतानाही गेम पकडू शकतो, हे मान्यच करायला हवं. टेट्रिसमध्ये नीट केलेलं काम नाहीसं होतं आणि चुका तेवढ्या डोळ्यांसमोर साचत जातात, त्या निस्तरायची घाई सुटत नाही. २००० साली हार्वर्डच्या रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी २७ जणांना हा गेम खेळायला लावला, तर अनेकांना झोप लागता लागता पडणारे ठोकळे दिसले. त्यातल्या पाच जणांना स्मृतिभ्रंश होता. आपण गेम खेळलो हेच त्यांना आठवत नव्हतं, आणि तरी त्यांतल्या तिघांना ठोकळे दिसले!

१९८९ च्या निन्टेंडोवरच्या टेट्रिसला तर कुणी शेवट लिहिलाच नव्हता. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतला एक १३ वर्षांचा मुलगा १५७ व्या पातळीपर्यंत पोचला, तेव्हा कोडच गडबडला आणि गेम जागच्या जागी गोठला. चौतीस वर्षांनी कुणीतरी टेट्रिस 'संपवला'. पण एक आहे, टेट्रिस हरल्यावर तुम्हाला सोडतो. रात्री अकराला "तुमचे ठोकळे वाट बघताहेत" असा मेसेज पाठवत नाही.

तो मेसेज यायला पैशांची पद्धत अजून दोनदा बदलावी लागली.

आधी आलं महिन्याचं भाडं. १९९९ चा 'एव्हरक्वेस्ट' आणि २००४ चा 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' इंटरनेटवर हजारो लोकांनी मिळून खेळायचे. भाडं चालू राहायचं तर गेम संपून कसं चालेल? एव्हरक्वेस्टला खेळाडूच 'एव्हरक्रॅक' म्हणायचे, क्रॅक म्हणजे कोकेनचा एक प्रकार. वॉरक्राफ्टची एक गोष्ट मला फार आवडते. चाचणीच्या काळात त्यांनी असं ठेवलं होतं, की खूप वेळ खेळलात तर तुम्ही 'दमता' आणि गुण निम्मे मिळतात. हेतू चांगला, की बाबांनो, उठा आता. लोक प्रचंड चिडले. मग कंपनीनं आकडे तेच ठेवले आणि नावं बदलली. निम्म्या गुणांना म्हटलं नेहमीचे, आणि आधीच्या पूर्ण गुणांना म्हटलं विश्रांतीचा दुप्पट बोनस. लोक खूश! २०१० साली या गेमचे १ कोटी २० लाख वर्गणीदार होते.

आणि मग सगळं फुकट झालं. २००९ च्या जूनमध्ये फेसबुकवर 'फार्मव्हिल' आला. स्ट्रॉबेरी लावली की चार तासांत तयार, आणि वेळेवर काढली नाही तर वाळून जाणार. म्हणजे वेळापत्रक गेमचं, आणि धावायचं आपण. २०१० मध्ये महिन्याला ८ कोटींच्या वर लोक तिथे शेती करत होते. २००९ च्या ऑक्टोबरमध्येच ॲपलनं फुकट ॲपमध्ये आतून पैसे घ्यायला परवानगी दिली. २०१२ च्या 'कँडी क्रश'मध्ये पाच जीव, संपले की एका जिवासाठी अर्धा तास थांबा, नाहीतर पैसे भरा. गेम तुम्हाला थांबवतोय असं वाटतं, पण तो अगदी हुकलेल्या डावावर थांबवतो आणि ती तळमळ विकतो. पुढे बंद पेट्या आल्या, पैसे देऊन उघडायच्या आणि आत काय निघेल ते नशीब. स्किनरचं कबुतर ते हेच. २०१८ मध्ये बेल्जियमनं अशा पेट्यांना जुगार ठरवलं.

या सगळ्याला वैतागून इयन बोगोस्ट या प्राध्यापकानं २०१० मध्ये 'काऊ क्लिकर' नावाचा विडंबन-गेम काढला. स्क्रीनवर एक गाय. तिच्यावर क्लिक करायचं. मग सहा तासांनी पुन्हा. बास! पन्नास हजारांवर लोक मनापासून खेळायला लागले. २०११ मध्ये त्यानं सगळ्या गायी गायब केल्या. तरी काही जण गाय होती त्या रिकाम्या जागेवर क्लिक करत राहिले.

वाचताना हसलो. मग गेल्या वर्षी ऑफिसात माझ्या नावावर आलेलं एक टिकेट आठवलं. आमचं ॲप गेम नाही, पण मागणी अशी होती, की सलग किती दिवस ॲप उघडलं त्याचा आकडा दाखवा आणि रात्री नऊपर्यंत नाही उघडलं तर "आकडा शून्य होईल" असा मेसेज पाठवा. मी दोन दिवसांत करून दिलं. चांगलं चाललं, शाबासकीही मिळाली. त्या मेसेजनं किती जणांच्या जेवणाच्या ताटाशेजारी फोन वाजला असेल, हा विचार तेव्हा मनात आला नाही.

व्हिएतनाममधल्या हनोईच्या डोंग न्यूयेनच्या मनात तो आला. २०१३ मध्ये त्यानं 'फ्लॅपी बर्ड' हा साधा गेम काढला. २०१४ च्या सुरुवातीला त्यातून जाहिरातींचे दिवसाला ५० हजार डॉलर मिळतात अशा बातम्या होत्या. फेब्रुवारीत त्यानं गेम काढूनच टाकला. लोकांना त्याचं व्यसन लागतंय, म्हणाला. तेव्हा तो माझ्याच वयाचा होता. (२०२४ मध्ये भलत्याच लोकांनी ते नाव घेऊन गेम परत आणायचं जाहीर केलं. आपला त्यात काही संबंध नाही, असं त्यानं सांगितलं.)

सरकारंही जागी झाली आहेत. दक्षिण कोरियानं २०११ मध्ये १६ वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्रीनंतर गेमबंदी केली आणि दहा वर्षांनी ती मागे घेतली. चीननं २०२१ मध्ये अल्पवयीन मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री ८ ते ९ एवढाच वेळ दिला. आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्सनं २०१४ मध्येच यासाठी क्लिनिक काढलं आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ मध्ये मंजूर झालेल्या आजारांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. पण त्यासाठी खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसूनही खेळत राहणं, असं साधारण वर्षभर चालावं लागतं. माझे न धुतलेले कपडे त्यात बसत नाहीत. रूममेटचं ते वर्ष बहुधा बसलं असतं.

लहानपणी आमचे सगळे खेळ संपायचे. अंधार पडायचा, चेंडू दिसायचा नाही, नाहीतर दिवेलागणीला कुणाची तरी आई गॅलरीतून हाक मारायची. चिडायचो, पण घरी जायचो. आताच्या खेळात ती हाक मारायचं काम कुणाकडेच दिलेलं नाही. ते टिकेट लिहिलं गेलं तर आमच्यासारखीच कुणीतरी लिहिणार.

परवा रूममेटला फोन केला. तो आता छान नोकरीला आहे. "तेव्हा आम्ही तुला उगाच नावं ठेवली रे," म्हटलं. तो हसला आणि म्हणाला, "सोड. तू अजून खेळतोस का?"

असो. मशीनची शिट्टी वाजली, कपडे वाळत घालतो.