उंची कोणाची : बियाण्याची की मातीची?

पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडे वाड्यात १८४८ साली जोतिराव फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. या घटनेचा माणसांच्या उंचीशी काही संबंध असू शकेल काय? प्रश्न विचित्र वाटेल, पण त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपण उंची मोजण्याच्या इतिहासाकडे पाहू या.

१८२९ साली फ्रान्समध्ये व्हिलेर्मे या डॉक्टरने सैन्यभरतीच्या नोंदी तपासल्या. सुबत्ता असलेल्या भागांतील तरुण अधिक उंच, तर दारिद्र्य व अतिकष्ट असलेल्या भागांतील तरुण खुजे, असे त्यांना आढळले. समाजाची परिस्थिती शरीरावर उमटते, हे असे फार पूर्वीच दिसले होते.

भारतात ब्रिटिश अधिकाऱ्यांनी मोजपट्टी वेगळ्याच हेतूने हाती घेतली. १९०१च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले नाक, डोके अशा मापांवरून जातींना ‘वंशां’त बसवू पाहत होते. या विचारात शरीराचे माप म्हणजे जन्मजात, न बदलणारा शिक्का.

या विचाराला धक्का देणाऱ्यांत पुण्याच्या इरावती कर्वे होत्या. त्या १९२८च्या सुमारास बर्लिनला संशोधनासाठी गेल्या. युरोपीयांच्या कवटीची ठेवण इतरांहून वेगळी व श्रेष्ठत्वाची निदर्शक असते, अशी त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांची धारणा होती. कर्वे यांनी कवट्या मोजल्या, वंशाशी असा काही संबंध दिसला नाही आणि प्रबंधात तसे लिहिले. पुढे डेक्कन कॉलेजमध्ये असताना त्यांनी वि. म. दांडेकर यांच्यासह महाराष्ट्रातील विविध समाजांची शरीरमापे घेतली. तो ग्रंथ १९५१ साली प्रसिद्ध झाला. एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या जातसमूहातील पोटगटही मापांत एकसारखे नसतात, असे कर्वे यांनी दाखवले.

मग उंचीत आनुवंशिकतेचा वाटा नाही काय? आहे, आणि मोठा आहे. २०२२ साली ५० लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासात उंचीशी निगडित सुमारे १२,००० जनुकीय फरक सापडले. पण कल्पना करा, मूठभर मिश्र बियाणे दोन शेतांत पेरले. एकाच शेतातील लहानमोठी रोपे बियाण्यामुळे वेगळी असतील. परंतु एक शेत कसदार व दुसरे निकृष्ट असेल, तर दोन शेतांच्या सरासरीतील फरक मातीचा. नेदरलँड्सचे उदाहरण असेच आहे. १८६०च्या सुमारास तेथील भरतीतील तरुण सरासरी १६५ सें.मी. होते, १९९६ साली जन्मलेले डच पुरुष सुमारे १८२ सें.मी.पर्यंत वाढले. एवढ्या थोड्या पिढ्यांत बियाणे इतके बदलत नाही. त्याच साली जन्मलेल्या भारतीय पुरुषांची सरासरी सुमारे १६५, तर स्त्रियांची सुमारे १५३ सें.मी. आहे.

ही ‘माती’ म्हणजे नेमके काय? १९९३ साली पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी जवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. या माता सरासरी १५२ सें.मी. उंच आणि सुमारे ४२ कि.ग्रॅ. वजनाच्या होत्या. त्यांच्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ कि.ग्रॅ. भरले; इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ कि.ग्रॅ. होते. ज्या माता दूध, पालेभाज्या व फळे अधिक वेळा खात, त्यांची बाळे मोठी होती. ज्यांना अंगमेहनत फार, त्यांची लहान. जन्मानंतर वारंवार होणारे जुलाब अन्न अंगी लागू देत नाहीत. पहिल्या दोन वर्षांत राहिलेली वाढ पुढे क्वचितच पूर्ण भरून निघते. आणि अशी खुरटलेली मुलगी उद्या आई होते, तेव्हा तिच्या बाळाला गर्भातच जागा व पोषण कमी पडते.

आता भिडे वाड्याकडे वळू. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शाळेत न गेलेल्या मातांची पाच वर्षांखालील ४६ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. बारावी वा पुढे शिकलेल्या मातांची २६ टक्के. शिक्षणाबरोबर उत्पन्न, लग्नाचे वय, घरातील स्वच्छता हेही बदलते, म्हणून सारे श्रेय केवळ शाळेला देता येणार नाही. तरीही मुलगी शिकली की लग्न लांबते आणि ताटात काय पडावे, दवाखान्यात केव्हा जावे, यावर तिचा शब्द चालू लागतो. मात्र सव्वीस टक्के हा आकडाही लहान नाही.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. दरवर्षी मुलांची उंची नोंदवताना वर्गात कोण उंच, कोण बुटके हे पाहू नये. प्रत्येक मूल गेल्या वर्षीपेक्षा किती वाढले ते पाहावे. वाढ मंदावलेली दिसली, तर ‘घराणेच बुटके’ असे म्हणून वही मिटण्याआधी पालकांशी बोलावे आणि मुलाला डॉक्टरांना दाखवण्यास सांगावे.