फोरासचं दार

मुंबई सेंट्रलजवळच्या फोरास रोडला बोलण्यात सर्रास ‘फारस रोड’ म्हणतात. मंटोच्या गोष्टींतही तो फारस रोडच. फारस म्हणजे इराण, त्यावरून इथे कधीकाळी इराणी लोक राहत असणार, असा तर्क सहज सुचतो. तर्क ऐटदार आहे आणि साफ चुकीचा. नाव आलं पोर्तुगिजांकडून, आणि कोठ्यांपायी रस्ता बदनाम झाला त्याच्या कितीतरी आधी.

सात बेटांची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. त्यातलं इथे लागतं ते एवढंच : महालक्ष्मी आणि वरळीमधल्या खिंडारातून भरतीचं पाणी थेट भायखळ्याच्या बाजूला शिरायचं. या खाजणाला इंग्रजी दप्तरात ‘सॉल्ट बॅटी ग्राउंड’ म्हणत. ही ‘बॅटी’ म्हणजे आपलं भात! १७०३ मध्ये कंपनीच्या डायरेक्टरांनी मुभा दिली, की समुद्र हटवून जमीन काढा, काही वर्षं फुकट कसा, मग थोडका सारा भरा. पण बांध राखायला कोणी पुढे येईना. अखेर सरकारनेच पदरमोड करून हॉर्नबी वेलार्ड घातला. (वेलार्डही पोर्तुगीज ‘वल्लादो’, म्हणजे बांध, यावरूनच.) बांधाआडच्या या जमिनी म्हणजे ‘फोरास’, आणि त्यांतून जाणारे ते फोरास रोड. एकेकाळी असे अनेक होते.

पण फोरास म्हणजे काय? एक पक्ष म्हणतो, पोर्तुगीज ‘फोरा’, म्हणजे बाहेर. कोटाबाहेरची जमीन ती फोरास. दुसरा म्हणतो, ‘फोरो’, म्हणजे जमिनीचा ठरीव सारा. मूळ अनेकवचन ‘फोरोस’, इंग्रज कारकुनाने ‘ओ’चा ‘आ’ केला. पहिल्या पक्षाचं स्पेलिंग चोख आहे, पण कोटाबाहेर तर गिरगावही होतं नि माझगावही. त्यांना कोणी फोरास म्हटलं नाही. शिवाय या जमिनींवर पिढ्यान्‌पिढ्या भांडणं झाली ती मालकीची आणि साऱ्याची. १८५१ चा सहावा कायदा झाला तोही ती मिटवण्यासाठी. तेव्हा कौल ‘फोरो’ला. गोव्यात कोमुनिदादच्या, म्हणजे गावकीच्या, जमिनींबाबत ‘आफ्रामेंत’ हा शब्द अजून कानी पडतो, तो याच ‘फोरो’चा सख्खा.

खरी गंमत त्याच्याही मागे आहे. ‘फोरो’ लॅटिन ‘फोरम’वरून आला, ‘फोरा’ लॅटिन ‘फोरास’वरून, आणि त्याचा अर्थ शब्दशः ‘दाराबाहेर’. बहुतेक भाषाशास्त्रज्ञ या दोघांना एकाच मुळाशी नेऊन बांधतात. त्याच मुळाचं संस्कृत रूप ‘द्वार’, मराठी ‘दार’. म्हणजे भांडणारे दोन्ही पक्ष एकाच दाराशी येऊन उभे! आणि परका वाटणारा ‘फोरास’ हा त्या रस्त्यावरच्या चाळीतल्या प्रत्येक दाराचा लांबचा चुलता.

१८५१ च्या कायद्याने नेमलेल्या कमिशनने १८५३ पर्यंत जमिनींचे वाद निकालात काढले. बाकीच्या फोरास रस्त्यांना एकेक करून नवी नावं मिळाली. हॉर्नबी वेलार्डचाही लाला लजपतराय मार्ग झाला.