गरिबांच्या दारीं जाणारें मंडळ

धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं ख्रिस्तमंदिर केव्हां बांधिलें, घंटा कोणीं अर्पिली, वेदी कोणीं सजविली, ह्यांचा वृत्तांत देण्याची रीत आहे. व ती योग्यच आहे. परंतु मंदिराच्या भिंतींबाहेर जी सेवा घडते तिचाहि इतिहास वाचकांच्या कानीं घालावा असें आम्हांस वाटतें. म्हणून संत विन्सेंट डी पॉल ह्यांच्या नांवानें चालणाऱ्या मंडळाचा उगम येथें थोडक्यांत सांगतों.

इ. स. १८३२ सालीं पॅरिस शहरांत पटकीच्या सांथीनें १८,००० हून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्या काळीं फ्रेडरिक ओझानाम नांवाचा तरुण तेथें कायद्याचा अभ्यास करीत होता. विद्यार्थ्यांच्या चर्चामंडळांत ख्रिस्ती धर्माचे जगावरील उपकार तो मोठ्या आवेशानें सांगे. तेव्हां विरोधकांनीं विचारिलें कीं, पूर्वजांनीं केलें तें खरें. पण आज तुम्ही काय करितां? प्रश्न वर्मीं लागला. शब्दांनीं उत्तर देण्यासारखा तो नव्हताच.

ता. २३ एप्रिल १८३३ रोजीं सहा विद्यार्थी एमान्युएल बाय्यी ह्या वडीलधाऱ्या पत्रकाराच्या कचेरींत जमले. त्याच दिवशीं ओझानामला २० वर्षें पूर्ण झालीं होतीं. उत्साह पुष्कळ होता, पण कोणाच्या दारीं जावें हें त्यांस ठाऊक नव्हतें. ती वाट दाखविली भगिनी रोझाली रांद्यू ह्यांनीं. संत विन्सेंट व संत लुईज द मारियाक ह्यांनीं १६३३ सालीं स्थापिलेल्या भगिनीसंघाच्या त्या सभासद. मुफतार भागांतील दरिद्री कुटुंबें त्यांच्या परिचयाचीं होतीं. त्यांनीं तरुणांस घरें दाखविलीं, भाकरीच्या व सरपणाच्या चिठ्ठ्या दिल्या, आणि गरिबांशीं धीरानें व आदरानें कसें वागावें हेंहि शिकविलें.

मंडळाची रीत साधी होती. दर आठवड्यास सभा भरे, प्रार्थना होई, थैली फिरे, आणि तींत कोणीं किती टाकिलें हें कोणास कळत नसे. सभासद स्वतः कुटुंबाच्या घरीं जात. चाकराहातीं दान धाडिल्यानें पोट भरतें, परंतु नातें जडत नाहीं, हें त्यांनीं ओळखिलें होतें. १८३५ सालीं नियमावली तयार झाली.

तथापि भाकरीच्या चिठ्ठीनें मजुरीचा प्रश्न सुटत नाहीं, हेंहि ओझानाम जाणून होते. १८४८ सालीं त्यांनीं वृत्तपत्रांतून कामकऱ्यांची बाजू मांडिली. त्याच वर्षीं जूनच्या बंडांत, त्यांनीं व त्यांच्या दोघां मित्रांनीं केलेल्या विनंतीवरून आर्चबिशप आफ्र सलोख्यासाठीं मोर्च्यावर गेले, आणि गोळी लागून २७ जून रोजीं निवर्तले. ओझानामहि ८ सप्टेंबर १८५३ रोजीं, अवघ्या ४० व्या वर्षीं, मार्सेय येथें वारले. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनीं १९९७ सालीं ओझानाम ह्यांस व २००३ सालीं भगिनी रोझाली ह्यांस धन्य घोषित केलें.

आज हें मंडळ १५० हून अधिक देशांत आहे. मुंबई-वसईच्या धर्मग्रामांसहि तें परकें नाहीं. प्रिय वाचकहो, महोत्सवाचीं तोरणें चार दिवसांनीं उतरतील. शेजारच्या आजाऱ्याचें, विधवेचें दार मात्र तेथेंच राहील. विरोधकांचा तो जुना प्रश्न आम्हांसहि लागू आहे, आणि त्याचें उत्तर तेंच दार ठोठावून द्यावयाचें आहे. तें देण्याची बुद्धि व बळ परमेश्वर आम्हां सर्वांस देवो.