वर्ण्य आणि वयःस्थापन : देवगिरीच्या आयुर्वेदपरंपरेपासून हायलुरॉनिक आम्लापर्यंत

त्वचेचे तारुण्य टिकविण्याच्या मानवी खटपटीचा इतिहास बराच प्राचीन असला, तरी तो बहुधा दोन टोकांच्या मतांमध्ये सापडलेला दिसतो. आधुनिक रसायनशास्त्राने जे शोधून काढले ते सर्व प्राचीनांना ठाऊकच होते, असे एक मत. आणि प्राचीनांचे लेप व उटणी म्हणजे केवळ विलासाची साधने होत, त्यांत विचार असा काही नव्हता, असे दुसरे. सांप्रत प्रसाधनांच्या व्यापारात हायलुरॉनिक आम्लाला जे महत्त्व आले आहे, त्याच्या निमित्ताने या दोन्ही मतांची परीक्षा करणे आवश्यक ठरते. या परीक्षेसाठी मराठवाड्याच्या भूमीतच पुरेशी सामग्री उपलब्ध आहे.

छत्रपती संभाजीनगरच्या नजीक असलेले देवगिरी हे यादवांच्या राजधानीचे स्थान. महादेव (इ. स. १२६०–१२७१) व रामचंद्र (इ. स. १२७१–१३११) या राजांच्या पदरी श्रीकरणाधिप असलेला हेमाद्री हा ‘चतुर्वर्गचिंतामणी’चा कर्ता म्हणून सर्वविश्रुत आहे. तथापि वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर त्याने ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली, ही गोष्ट त्या मानाने दुर्लक्षित राहिली. १९३९ साली मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयाने हरिशास्त्री पराडकर यांनी संपादित केलेली जी आवृत्ती प्रसिद्ध केली, तीत अरुणदत्ताच्या टीकेबरोबर हेमाद्रीची टीकाही छापली आहे. धर्मशास्त्राचा निबंधकार वैद्यकाच्या मूलग्रंथावर टीका रचतो, यावरून तेराव्या शतकातील देवगिरीच्या विद्वन्मंडळात शरीरसंरक्षणाचा विचार हा शास्त्राचाच भाग मानला जात होता, हे उघड होते.

अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात या विषयाचे दोन प्रसंग विशेष लक्षणीय आहेत. दिनचर्येच्या अध्यायात नित्य अभ्यंगाचे विधान असून जरा, श्रम व वात यांचे निवारण आणि त्वचेचे सौष्ठव ही त्याची फळे सांगितली आहेत. बाविसाव्या अध्यायात मुखलेपाचा विचार आहे. दोषनाशक, विषनाशक आणि वर्णकारक असे लेपाचे तीन प्रकार. एक चतुर्थांश, एक तृतीयांश व अर्धा अंगुळ अशी त्याची तीन प्रमाणे. आणि सहा ऋतूंसाठी सहा निरनिराळे योग, अशी ही व्यवस्था आहे. हेमंतासाठी बोराच्या आठळीतील गर, लोध्र व पांढरी मोहरी यांसारखी द्रव्ये, तर ग्रीष्मासाठी कमळाच्या जाती, दूर्वा, ज्येष्ठमध व चंदन अशी शीतल द्रव्ये सांगितली आहेत. याहून महत्त्वाचा आहे तो निषेध. लेप ओला आहे तोवरच ठेवावा. सुकलेला लेप कांती बिघडवितो. म्हणून तो भिजवूनच काढावा आणि नंतर अभ्यंग करावा, असे ग्रंथकार बजावतो. त्वचेचा ओलावा राखणे आणि त्यावर स्नेहाचे आवरण देणे, हा क्रम येथे अनुभवाच्या आधारे निश्चित झालेला आहे.

परंतु यावरून प्राचीनांनी या उपायांना वार्धक्यहरणाची साधने मानले, असा निष्कर्ष काढणे युक्त होणार नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चौथ्या अध्यायात दहा-दहा द्रव्यांचे पन्नास गण दिले आहेत. त्यांत ‘वर्ण्य’ हा एक गण आहे आणि ‘वयःस्थापन’ हा दुसरा, सर्वस्वी स्वतंत्र असा गण आहे. चंदन, उशीर, मंजिष्ठा, सारिवा इत्यादी द्रव्ये पहिल्यात. गुळवेल, हिरडा, आवळा, मंडूकपर्णी, पुनर्नवा इत्यादी दुसऱ्यात. कांती उजळणे हे एक कार्य आणि वय स्थिर राखणे हे दुसरे, असा विवेक या वर्गीकरणाच्या मुळाशी आहे. शिवाय ‘स्थापन’ या शब्दाची मर्यादाही ध्यानी घेण्याजोगी आहे. त्यात वय टिकविण्याचा अर्थ आहे, मागे नेण्याचा नव्हे. रसायनाच्या प्रकरणांत तरुण वयाच्या प्राप्तीची फलश्रुती आढळते, हे खरे; पण त्याच चरकाने शारीरस्थानात कालपरिणामाने येणारी जरा स्वाभाविक असून स्वभावाला प्रतिकार नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. सुश्रुताने तर जरेचे कालज व अकालज असे दोन भेद केले. शरीराचे योग्य रक्षण करूनही यथाकाल येते ती कालज आणि रक्षणाच्या अभावी अवेळी येते ती अकालज. आधुनिक त्वचाविज्ञान वयोमानाने होणारे बदल आणि सूर्यकिरणादी बाह्य कारणांनी होणारे बदल यांत जो भेद करते, त्याच्याशी हा विचार बराच समांतर आहे. समांतर म्हणजे एकरूप नव्हे, हे अर्थातच विसरता कामा नये.

हायलुरॉनिक आम्लाचा इतिहास अगदी वेगळ्या वाटेने आलेला आहे, आणि त्याच्या आरंभी सौंदर्याचा काहीही संबंध नव्हता. १९३४ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मेयर व जॉन पामर यांनी गाईच्या डोळ्यातील काचाभ द्रवातून हा पदार्थ वेगळा केला. काचेसारखा या अर्थाचा ग्रीक शब्द आणि त्यातील युरॉनिक आम्ल यांच्या संयोगाने त्याचे नाव सिद्ध झाले. १९३७ साली विशिष्ट स्ट्रेप्टोकोकस जंतूंच्या आवरणातही तो सापडला. ग्लुकुरॉनिक आम्ल व एन-ॲसिटिल ग्लुकोसामीन या दोन शर्करारूप घटकांची पुनःपुन्हा जुळणारी लांबच लांब साखळी, अशी त्याची रचना १९५० नंतरच्या दशकात निश्चित झाली. पुढे एन्द्रे बालाझ यांनी कोंबड्याच्या तुऱ्यापासून तो अतिशुद्ध रूपात मिळविला आणि १९८० च्या सुमारास नेत्रशस्त्रक्रियेत त्याचा उपयोग रूढ झाला. जंतूंच्या किण्वनाने तो विपुल प्रमाणात मिळू लागल्यावर प्रसाधनांत त्याचा प्रवेश सुलभ झाला. डिसेंबर २००३ मध्ये अमेरिकेच्या औषधनियंत्रण संस्थेने त्याच्या इंजेक्शनास सुरकुत्या भरून काढण्यासाठी मान्यता दिली.

सुमारे ७० किलोग्रॅम वजनाच्या मनुष्याच्या शरीरात हे द्रव्य अदमासे १५ ग्रॅम असते. त्याचा निम्मा भाग त्वचेत असून एकूण साठ्यापैकी सुमारे एक तृतीयांश दररोज नष्ट होऊन पुन्हा निर्माण होतो. स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवणे हा त्याचा मुख्य गुण. वय वाढते तसे बाह्यत्वचेतील त्याचे प्रमाण घटते. अंतस्त्वचेत ते राहते, पण इतर घटकांशी अधिक घट्ट बांधलेले आढळते, असे १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविण्यात आले. म्हणून या द्रव्याचा आणि त्वचेच्या वार्धक्याचा संबंध काल्पनिक नाही.

तथापि संबंध असणे आणि बाहेरून लावल्याने उणीव भरून निघणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत. त्वचेचा सर्वांत वरचा थर सामान्यतः पाचशे डाल्टनहून मोठ्या रेणूंना आत जाऊ देत नाही, आणि या आम्लाचे रेणुभार तर लक्षांत मोजावे लागतात. लहान तुकडे केलेले रेणू काहीसे खोल जातात, असे दिसते. परंतु सर्वसाधारण मलमातील आम्ल पृष्ठभागावर पातळ पापुद्रा धरते, ओलावा राखते आणि कोरडेपणामुळे उमटलेल्या बारीक रेषा काही काळ पुसट करते. मराठवाड्यातील कोरड्या उन्हाळ्यात त्यावर स्निग्ध द्रव्याचे आवरण नसेल, तर हा लाभही अल्पकाळच टिकतो. इंजेक्शनाचे कार्य निराळे. तेथे साखळ्या परस्परांत जोडून घट्ट केलेले द्रव्य त्वचेखाली भरले जाते. तो वैद्यकीय उपचार होय. ते रक्तवाहिनीत गेल्यास त्वचा मृत होण्याचा, क्वचित दृष्टीही जाण्याचा धोका असतो. भरलेले द्रव्य विरघळविण्यासाठी हायलुरॉनिडेझ हे विकर वापरतात.

या विवेचनाचा निष्कर्ष दोन्ही टोकांच्या मतांस प्रतिकूल आहे. वाग्भट किंवा हेमाद्री यांना हायलुरॉनिक आम्ल ज्ञात नव्हते. रासायनिक पृथक्करणाची साधने नसताना ते ज्ञात असणे शक्यही नव्हते. त्यांचा खरा वारसा द्रव्याचा नसून विवेकाचा आहे. आजचे हायलुरॉनिक मलम प्राचीन परिभाषेत वर्ण्य ठरते. त्याची जाहिरात मात्र वयःस्थापनाच्याही पलीकडे जाऊन वय मागे नेण्याची असते. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानेही स्वच्छता, सौंदर्यवर्धन व रूपपालट यांसाठी शरीराला लावावयाची वस्तू ती प्रसाधन, अशीच व्याख्या केली आहे. ही सीमारेषा पुसली गेल्याने नुकसान होते ते ग्राहकाच्या पैशाचे आणि विचाराचेही. कारण स्वभावतः येणारी जरा हा दोष आहे, अशी समजूत त्यातून रुजते. कालज आणि अकालज जरेतील भेद ध्यानी ठेवल्यास उन्हापासून रक्षण, ओलावा व स्नेह या साध्या उपायांचे मोल कळते आणि त्यांच्याकडून अवास्तव अपेक्षाही राहत नाही. देवगिरीच्या पायथ्याशी वैद्यकाच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांनी या सीमारेषेचा शोध मूळ ग्रंथांतून घ्यावा, इतकी सामग्री त्या ग्रंथांत निश्चित आहे.