पगारातले दोनशे रुपये

पगाराच्या स्लिपवर 'पीटी २००' दिसतं ना? फेब्रुवारीत ३००. हाच तो व्यवसाय कर. "याच्या बदल्यात आपल्याला काय मिळतं?" असं ऑफिसात कुणीतरी विचारतंच. थेट काहीच नाही!

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात माणसं खडी फोडत होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमीसाठी १९७५ साली हा कर लागला. जेवढा जमेल तेवढीच भर सरकारची. म्हणजे पैसे मुंबईच्या नोकरदाराचे, मजुरी नांदेड-लातूरच्या शिवारात. फुकट नव्हे हं, पाझर तलाव, बांध, रस्ते घाम गाळून झाले. १९७९ पासून काम मागणं हा कायदेशीर हक्क झाला. पंधरा दिवसांत काम नाही दिलं, तर रोज किमान एक रुपया बेकारी भत्ता. एक रुपया...