राळेच्या वासाची वाइन

साल साधारण 1140. सप्टेंबर सरत आलाय. खांद्यावर झोळी, हातात काठी घेऊन तुम्ही उत्तर स्पेनमधल्या नवारमधून पश्चिमेला सांतियागोच्या यात्रेच्या वाटेवर आहात. उन्हानं घसा सुकलाय आणि समोर सालादो नदी आहे. काठावर दोघं सुऱ्यांना धार लावत बसलेत. पाणी पिण्याजोगं आहे का, असं विचारलंत तर ते बिनदिक्कत ‘हो’ म्हणतील. पिऊ नका.

यात्रेकरूंसाठी याच सुमारास लिहिलेल्या लॅटिन मार्गदर्शिकेत हा किस्सा आहे. लेखकानं घोड्यांना इथलं पाणी पाजलं, दोन घोडे जागीच गेले, आणि त्या दोघांनी तिथल्या तिथे त्यांची कातडी सोलली. मार्गदर्शिकेचं श्रेय एमेरिक पिको या फ्रेंच धर्मगुरूला देतात. त्याचा नवारच्या लोकांवर भलताच राग, त्यामुळे गोष्टीला तिखटमीठ किती लागलंय ते त्यालाच ठाऊक. पण कुठल्या नदीचं पाणी गोड आणि कुठलं घातक, याची तो गंभीरपणे यादी देतो.

एस्तेया गाव मात्र त्याला मनापासून आवडलं होतं. पाव चांगला, वाइन उत्तम, मांस-मासळी भरपूर. तुम्हीही तिथल्या खानावळीत शिरा. अंधाऱ्या खोलीत आढ्याला फुगलेली बकऱ्याची कातडी टांगलेली दिसेल. पाय आणि मान दोरीनं आवळून केलेली ही पखाल, केसांची बाजू आत, आणि आतून राळेचा लेप. मालकीण एका पायाची दोरी सैल करते, मातीच्या भांड्यात धार पडते. ना धड लाल, ना धड गुलाबी. लाल-पांढरी द्राक्षं देठांसकट दगडी टाक्यात टाकून पायांनी तुडवलेली. पहिल्या घोटाला नाकात राळ जाते, मग आंबटपणा, आणि शेवटी जिभेवर देठांचा तुरटपणा. चव घेत बसण्याजोगी ही चीज नव्हे. पावाचा तुकडा बुडवा आणि खा. दिवसभर चाललेल्या माणसाला ते जेवणच आहे.

कुठल्या जातीचं द्राक्ष, किती जुनी, असले प्रश्न इथे विचारू नका. जुनी म्हणजे गेल्या वर्षीची, आणि उन्हाळा उलटल्यावर तिचा शिरका व्हायला लागलेला असतो. म्हणून जुनी स्वस्त, नवी महाग. चार आठवडे थांबलात तर या मोसमाची ताजी मिळेल; पण यात्रेकरूला थांबून कसं चालेल?

(गावाबाहेर इराचेच्या मठापाशी आज एका वाइन कंपनीनं 1991 साली बसवलेले दोन नळ आहेत, एकाला पाणी, दुसऱ्याला वाइन. फुकट. तुमच्या वेळेला त्यांचा पत्ता नाही, तेव्हा पुढे चला.)

एब्रो नदी ओलांडली की रिओहा. नाहेराच्या दक्षिणेला सान मियानच्या मठाशी थोडी वाकडी वाट करा आणि शंभरेक वर्षंही पुढे सरका. गोंसालो दे बेर्सेओ नावाचा धर्मगुरू लॅटिन सोडून गावकऱ्यांच्या बोलीत संतचरित्र रचतोय आणि मोबदला म्हणून पेलाभर चांगली वाइन मागतोय. नावानिशी माहीत असलेला हा पहिला स्पॅनिश कवी. मानधनाबद्दल इतका स्पष्ट बोलणारा कवी विरळाच.

आता मोठी उडी. 1880चं दशक, वाटेच्या उत्तरेला आरो गाव. फ्रान्सच्या मळ्यांत फिलॉक्सेरा किडीनं द्राक्षांची मुळं खाल्लीत, म्हणून बोर्दोचे व्यापारी इथे वाइन शोधत आलेत. 1863 पासून रेल्वे आहे, स्टेशनाभोवतीच वखारी उभ्या राहिल्यात. 1877 साली सुरू झालेली लोपेस दे एरेदिया त्यांतलीच एक. आत ओकची 225 लिटरची पिंपं रांगेनं रचलेली. बोर्दोची ही रीत मुर्रिएता आणि रिस्काल या सरदारांनी थोडी आधीच इथे आणली होती. आता वाइन वर्षानुवर्षं पिंपात मुरते आणि जितकी जुनी तितकी महाग. शतक संपता संपता कीड इथेही येऊन धडकलीच. पण आज ‘यात्रामार्गाची पारंपरिक रिओहा’ म्हणून ज्या ओकच्या वासावर आपण माना डोलावतो, तो वास बाराव्या शतकातल्या यात्रेकरूला परका वाटला असता. परंपरा आहे खरी, पण आगगाडीच्या वयाची.

मेसेता पठाराच्या सपाटीवर रेंगाळू नका, ऊन तेवढं आहे. थेट बिएर्सोत, वियाफ्रांकाला या, तेही आजच्या. इथल्या सांतियागो चर्चच्या क्षमेच्या दारापाशी पोचलेल्या आजारी यात्रेकरूला पुढे न जाताही पूर्ण यात्रेची क्षमा मिळत असे. चौकातल्या बारमध्ये मेन्सिया मागा, पण ‘होवेन’, म्हणजे कोवळी, पिंप न पाहिलेली. जांभळट रंग, ताज्या चेरीचा वास, जरासा आंबटपणा. राळ वगळली तर एस्तेयाच्या मालकिणीला ही ओळखीची वाटेल. किंमतही बेताचीच.

पेला मात्र एकच घ्या. उद्या सेब्रेइरोचा चढ आहे, पाचशे मीटरवरून तेराशेवर.